द्वारकाबाईनं पृथ्वी तापवली

बसा मंडळी, बसा! मागच्यांनी पुढं सरका — माझ्या तोंडात दात कमी, शब्द लांबवर पोचत नाहीत! बोला — ज्यानं डोंगर उभे केले, नद्यांना उतार दाखवला आणि आम्हां म्हाताऱ्यांना तोच चढ ठेवला, त्या पंढरीनाथाचा जयजयकार!

बापूराव, पेटी जरा मोठ्यानं वाजवा. मी बेसूर आहे हे लोकांना हळूहळू कळू दे.

तर आजचा प्रश्न. देवानं आपल्याला दिलं ते कमी आहे, असं वाटलं की माणूस काय करतो? मागतो? मागायला लाज वाटते. चोरतो? तेवढं धाडस नाही. मग? वाढवून सांगतो! आहे वाटीभर, सांगतो घागरभर! तुम्ही हसताय, पण मी तर त्याच्यावरच पोट भरते!

ऐका. देव हा देश घडवत होता. आता मला भूगोलातलं काय कळतं म्हणाल, तर शाळेत मी नकाशात हिमालय खालच्या टोकाला काढला होता. गुरुजी म्हणाले, "अगं, समुद्रातल्या माशांना स्वेटर विणून देशील का?" तेव्हा माझ्या भरवशावर कुणी परीक्षेला बसू नका!

तर देव वाटायला बसला. उत्तरेला दिला हिमालय — बर्फाची कोठी! वितळत राहा, नद्या भरत राहा. राजस्थानला म्हणाला, "बाळा, पाणी संपलं, तू ऊन घे. आज तुला त्रास होईल, पण पुढं लोक काचेच्या पाट्या मांडतील नि त्याच उन्हाचे दिवे लावतील." झारखंडच्या, चंद्रपूरच्या जमिनीत कोळसा पुरला. समुद्राच्या तळाशी तेल ठेवलं, वायू कोंडला. सह्याद्रीच्या कड्यावरून पाण्याला उडी मारायला लावली, त्या उडीची वीज झाली. साताऱ्याच्या पठाराला दिला वारा! असा वारा, मंडळी — मी एकदा गेले होते तिथं. माझा पदर कर्नाटकात नि मी अजून महाराष्ट्रात!

मग कोकण हात जोडून उभं राहिलं. "देवा, मला?" देव म्हणाला, "तुला पाऊस दिला की!" कोकण म्हणालं, "तो येतो, अंगण वाहून नेतो नि समुद्राकडं पळतो. थांबतो कुठं?" देवाला दया आली. म्हणाला, "बरं, त्यातलं थोडं पाणी डोंगराच्या भेगांतून खोल मुरेल, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापेल नि भेगेतून ऊन होऊन वर येईल. बायकांची अंघोळीची चूल वाचेल."

कुठल्या पुराणात आहे हे? कुठल्याच नाही. माझ्या पुराणात आहे. आणि माझ्या पुराणाला छापखाना मिळत नाही!

असं ऊन पाणी मिळालेलं एक गाव — कढणवाडी. गावाच्या मधोमध दगडी पायऱ्यांचं कुंड. आणि त्या गावात द्वारकाबाई गोताड! विधवा बाई, तोंडाची तिखट. एकुलता एक मुलगा, सुधाकर, मुंबईला नोकरीला. यायचा कधी? गणपतीला नि शिमग्याला. बाकीचं वर्ष द्वारकाबाई कुंडाजवळच्या कातळावर उभी राहायची, कारण फोनला रेंज तेवढ्याच जागेवर. आणि काय सांगायची? "सुधाकर, आपल्या आंब्याला पानं कमी नि फळं जास्त! आपली म्हैस कुंडाचं पाणी पिते, दूध तापवायलाच लागत नाही!" सगळं सांगायची. फक्त "ये" म्हणायची नाही. कारण पोरगा विचारायचा, "तिकडं येऊन करू काय?" — नि ह्याला उत्तर तिच्यापाशी नव्हतं.

अशात एक दिवस गावात आल्या सोनटक्के मॅडम. नागपूरकडच्या. जमिनीतली उष्णता मोजणाऱ्या खात्यातल्या. त्यांच्याकडं काय? लांबलचक वायर, वायरीच्या टोकाला थर्मामीटर. म्हणाल्या, "काकू, आम्ही अलीकडचं कढणवाडी नि खाडीपलीकडचं वाकणकोंड, दोन्हीकडचे झरे बघणार. जिथं उष्णता चांगली, तिथं खोल खणून बघू. जमलं तर एखादं केंद्र. गावातल्या मुलांना काम मिळेल."

काम! मुलांना! द्वारकाबाईच्या डोळ्यांपुढं सुधाकर बॅग घेऊन एसटीतून उतरताना दिसायलाच लागला!

"मॅडम," ती म्हणाली, "मोजायचं काय त्यात? आमच्या कुंडाकाठी कोंबडी बसली की उकडलेलंच अंडं घालते!"

"खरंच?"

"बेडूकसुद्धा आधी एक पाय बुडवून बघतो, मग उडी मारतो!"

मॅडम हसल्या. "बरं. उद्या सकाळी नऊला येते. बेडकाचा नको, थर्मामीटरचा पाय बुडवू."

मॅडम गेल्या नि द्वारकाबाईला घाम फुटला. कारण कुंडाचं पाणी ऊन होतं, मंडळी, नाही असं नाही. पण किती? गुडघे शेकावेत इतकं. अंड्याचं काय, त्यात उशिरा आलेल्याला वाटायचं, आधीच कुणी अंघोळ करून गेलं! आणि पलीकडं वाकणकोंड म्हणजे कुणाचं गाव? द्वारकाबाईच्या मुलीची सासू, इंदूबाई, तिचं गाव! म्हणजे विहिणीच्या दारात केंद्र, विहिणीच्या पोरांना काम! हे सहन होईल? माझ्या विहिणीच्या घरी मिक्सर आला तर मी दोन दिवस जेवले नव्हते!

सकाळी उजाडताच द्वारकाबाईनं धाकट्या दिराला हाक मारली. "शांतारामभाऊजी! मांडवातले मोठे हंडे काढा. चूल कुंडाशेजारी मांडा."

शांतारामभाऊजी म्हणजे भोळा माणूस. "वयनी, कुणाचं लगीन?"

"पृथ्वीचं! पाणी उकळायचं नि कुंडात ओतायचं."

"ऊन पाण्यात ऊन पाणी? वयनी, म्हणजे देवाच्या आमटीला आपण फोडणी घालायची?"

"घालायची! लाकडं आणा."

"लाकडं भिजलीत सगळी."

द्वारकाबाई थबकली. मग घराच्या मागं बघितलं. तिथं, झावळ्यांनी झाकलेले, वासे होते. सुधाकर लग्न करून कायमचा परत आला तर त्याच्यासाठी खोली काढायची, म्हणून एकेक करून जमवलेले वासे.

"ते घ्या."

"वयनी! सुधाकरच्या खोलीचे?"

"पोरगाच आला नाही तर खोली कुणाला, कोंबड्यांना? घाला चुलीत!"

बघा मंडळी! जमिनीतली उष्णता फुकट मिळते हे सिद्ध करायला बाईनं पोराचं छप्पर जाळलं! आणि आपण? आपण शेजाऱ्याला दाखवायला कर्ज काढून... जाऊ दे. पुढच्या रांगेत कुणी मान खाली घातली, मी नाव घेत नाही!

हंड्यावर हंडे! शांतारामभाऊजी ओततोय, हातपाय पोळतायत, द्वारकाबाई फुंकतेय, डोळे लाल! नऊ वाजता कुंडावर वाफेचा ढग! हंडे झाडीत लपवले, चुलीवर माती लोटली, नि बाई पायरीवर जपमाळ घेऊन बसली. निरागस! मला तर हा चेहरा फार चांगला येतो.

मॅडम आल्या. त्यांच्यामागं कोण? इंदूबाई! होडीनं खास बघायला आलेली!

"या विहीणबाई," द्वारकाबाई गोड हसली. "पाय जपून बुडवा हं, कातडी निघेल."

मॅडमनी थर्मामीटर वरवर बुडवला. "अरे वा! भलतंच गरम आहे, काकू!"

द्वारकाबाईनं विहिणीकडं असं बघितलं, असं बघितलं की इंदूबाईच्या नथीतला मोतीसुद्धा खाली बघायला लागला.

मग मॅडमनी वायर खाली सोडली. कुंडाच्या तळाशी झरा, तिथवर. आकडा उतरायला लागला. आणखी खाली — आणखी उतरला! मॅडमच्या कपाळाला आठी.

"काकू, मी पुष्कळ झरे बघितले. खाली झऱ्याच्या तोंडाशी जास्त गरम, वर हवेशी कमी. तुमच्याकडं वर गरम, खाली गार! पृथ्वी उलटी ठेवलीय का तुमच्या गावात?"

"हो, आमच्याकडं सगळं उलटंच असतं," द्वारकाबाई म्हणाली. "सासू सुनेला घाबरते."

"आणि पाण्यावर ही राख?"

शांतारामभाऊजीनं डोळेच मिटले. पण द्वारकाबाई अडते होय? "राख असणारच मॅडम! पृथ्वीच्या पोटात चूल पेटलेली असते ना? तिचीच!"

मॅडमनी ओंजळीत थोडं पाणी घेतलं, निरखलं नि म्हणाल्या, "आणि ही चहापत्ती?"

हंडा गेल्या लग्नातला, मंडळी! घासायला वेळ कुठं होता?

इंदूबाई जी हसली, जी हसली! "विहीणबाई, पृथ्वीच्या पोटात चहासुद्धा करतात वाटतं! दूध मात्र तुमच्या म्हशीचं का हो?"

मॅडम हसल्या नाहीत. वायर गुंडाळायला लागल्या. "काकू, हे आकडे मला वापरता येणार नाहीत. तुमच्या झऱ्याबद्दल 'भरवसा नाही' असं कळवावं लागेल. मी वाकणकोंडला जाते."

आणि तिथं, मंडळी, त्या तोंडाळ बाईच्या नजरेसमोरून एसटी निघून गेली. ती उठली, मॅडमची वायर हातानं धरली.

"मॅडम, भरवसा नाही असं लिहा, पण माझं नाव घालून लिहा. मी तापवलं. खोटी मी आहे, पाणी खोटं नाही! आमच्या आज्या-पणज्यांनी ह्याच पाण्यात बाळंतिणी न्हाऊ घातल्या. जेवढं ऊन आहे तेवढं खरं आहे. माझ्यापायी त्याला खोटं ठरवू नका."

मग पुढं कोण झालं? इंदूबाई! "मॅडम, माझं गाव कुठं पळून जात नाही. हिचं पुन्हा एकदा मोजा की."

मॅडमनी वायर खाली ठेवली. "मग आठवडाभर पाण्याला कुणी हात लावायचा नाही. नुसतं राहू द्यायचं."

नुसतं राहू द्यायचं! ह्याच्याइतकं अवघड काही आहे का हो? द्वारकाबाई काठी घेऊन कुंडावर बसली. शांतारामभाऊजी तांब्या घेऊन आला, त्याला पिटाळलं. म्हैस आली, तिला पिटाळलं. आणि पाणी आपलं शांत. ना वाफेचा ढग, ना गाजावाजा. तळातून एकेक बुडबुडा.

इथं मी स्वतः रचलेलं पद म्हणते. चाल जमली नाही, दोष तबल्याचा!

वर वाफ किती, आत किती ऊन।
देवा, तुझ्याविण कोण जाणे॥

मॅडम परत आल्या, वायर सोडली. खाली जाईल तसा आकडा चढला! सरळ, प्रामाणिक पृथ्वी!

"आता?" द्वारकाबाईनं विचारलं.

"काकू, खरं सांगते. ह्यानं वीज व्हायची नाही, तेवढं ऊन नाही. वाकणकोंडलाही मोजलं, तेवढंच आहे. दोघींच्या गावाखाली भेग एकच, पाणी एकच, तोंडं दोन."

दोघी विहिणी एकमेकींकडं बघायला लागल्या. एकाच भांड्यावरून भांडत होत्या की!

"पण पावसाळ्यात कोकम, मासळी सुकवायचं घर ह्या उष्णतेवर चालू शकेल," मॅडम म्हणाल्या. "मी वर सुचवते. होईलच असं वचन देत नाही."

मॅडम गेल्या. द्वारकाबाई कातळावर चढली नि फोन लावला.

"सुधाकर, अरे, आपल्याकडं सरकारचं मोठं..." आणि थांबली. "काही मोठं नाही रे. वीज होत नाही. थोडं ऊन पाणी आहे, पूर्वीसारखंच. माझे गुडघे दुखतात. घर मोठं वाटतं. तू ये."

 रेंज जाईल म्हणून ती कातळाच्या टोकावर सरकली.

"येऊन करू काय, आई?"

"मला ठाऊक नाही. ये."

आला का, मंडळी? सांगते. गणपतीला नाही, शिमग्याला नाही — कुठला सण नसताना, मधल्याच एका मंगळवारी, भर दुपारी, सुधाकर एसटीतून उतरला. मुंबईतली नोकरी सोडली का, कोकम सुकवायचं घर झालं का, हे मला विचारू नका. मला ठाऊक असतं तर मी ते दुप्पट करून सांगितलं असतं! मंगळवार मात्र खरा.

आता तुमच्याकडं येते. पळू नका, प्रसाद अजून यायचाय! देशाच्या पोटात देवानं काय काय ठेवलंय ते मोजायला मॅडमची वायर आहे. आपल्या पोटातलं कोण मोजणार? इथं टाळ्या किती जोरात! कपाळावर बुक्का केवढा! वर वाफच वाफ! आणि ती वायर जरा खाली सोडली तर? माझ्यात सोडू नका हो, माझं गळ्यापर्यंतच तापतं, खाली नुसती राख सापडेल!

थोडं असेल तर थोडं असू दे. पण तळातून येऊ दे. आज घरी गेल्यावर आंब्याचं, म्हशीचं, मुलाच्या पगाराचं कुणाला काही सांगू नका. ज्याला बोलवायचं मनात आहे, त्याला एकदा साधं "ये" म्हणा. मीही म्हणणार आहे. माझ्या विहिणीलाच म्हणणार आहे — मिक्सर घेऊन ये म्हणून!

वाजवा बापूराव. आणि बोला मंडळी, पण ह्या खेपेला घशातून नको, खालून येऊ दे — पांडुरंग हरी!