तारीख मांगं येत नाही

...अन वरून फोनवर मलेच म्हनते कसा, "सर, तारीख पुढे जाते, मागे येत नाही." अबे, हे तं मले जन्मल्यापासून मालूम आहे, त्याच्यासाठी अकोल्याचा इंजिनिअर कायले पाह्यजे? पन बोलू काय? चूक माही होती. चूक आपली असली का समोरच्याचं गुळचट बोलनं बी काट्यावानी टोचते, तुमाले सांगतो.

तसा मी मानूस वाईट नाही. शेलूबाजारले हायवेले लागून आमची बियान्याची कंपनी आहे, तिथं रविकांत म्हनून कोनाले बी इचारा. जीपवाले सांगतीन, रविकांतभाऊ ना, लय सरळ मानूस. अजून बी तेच सांगून राह्यले बिचारे...

आमचे शेठ फूलचंदजी. त्यायचा पोरगा मयंक पुन्याहून शिकून आला अन आल्या आल्या त्यानं कंपनीत एक डबा बसोला. डबा म्हंजे काय, तं कंपनीतून जो मेल जाईन, जो मेल येईन, त्याची एक नक्कल त्या डब्यात जाते अन वरून कुलूप. सात वर्ष! सात वर्ष त्याले कोनी हात लावू शकत नाही, मी नाही, मयंक नाही, खुद शेठ नाही. मुदत भरली का आपोआप मिटून जाते. काहून, तं म्हने उद्या सरकारनं इचारलं, कोर्टानं इचारलं, तं पुरावा पाह्यजे. बरं, अन या डब्याचा कारभारी कोन? मी! पोत्यायचे लेबल छापनारा मानूस मी, पन मयंक म्हने तुमाले कॉम्प्युटर येते ना, मंग हे बी पाहून घ्या. ज्याले येते त्याच्याच डोक्यावर आनखी एक पोतं, हे तं सगळीकडंच चालते.

शेठले समजावून सांगाले मयंकनं भिंतीवर चित्रं दाखोली, घंटाभर बोलला. मातारा पहिल्या चित्रातच समजला. म्हने, "बेटा, ये तो कर्म की बात है. एक बार बांधलं का त्याची मुदत ठरली. मुदत भरली का झडून जाईन, त्याच्या आधी तीर्थंकर बी सोडवत नाही." मयंक म्हने हो पप्पा, बरोबर असंच. मी मांगं बसून गालातल्या गालात हसलो. तवा हसू येत होतं राजेहो...

मंग झालं काय, पेरनीच्या तोंडावर गोदामात सोयाबीनच्या दोन थप्प्या, एक यंदाच्या बियान्याची, दुसरी मांगच्या सालची, जी विकाचीच नव्हती. हमालायच्या हातात लेबलाचा रोल देल्ला मी. आता रोल देताना मोबाइलवर मॅच चालू, शेवटची ओवर... तुमीच सांगा, शेवटच्या ओवरले कोनी लेबलाकडं पाह्यते का? जुन्या पोत्यायले नवे लेबल लागले अन गाडी गेली धनजले. तिथला दुकानदार पक्का. आपल्याकडं करतेत तसं त्यानं मूठभर दाने ओल्या बारदान्यात गुंडाळून ठेवले. उगवलेच नाही! अख्खी गाडी वापस. कोनाच्या वावरात गेलं नाही, हेच नशीब.

मयंकचा मेल आला, हे कसं झालं, कोनामुळं झालं? अन मी... मी तसा मानूस वाईट नाही, पन त्या दिवशी बोटं माह्याआधी चालली. मी लिहिलं, "प्रयोगशाळेतून वच्छलाताईंनी लॉट नंबर चुकीचा दिला असावा." असावा! 'देल्लाच' असं मी लिहिलंच नव्हतं. चार दिवस मी या 'असावा'वर जेवलो, झोपलो. म्हनलं आपन आरोप कुठं केला, आपन तं अंदाज सांगतला. पाचव्या दिवशी 'असावा'तलं सगळं बळ सरलं.

आता वच्छलाताई म्हंजे कोन, तं आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई, दाना उगवते का नाही हे पाहनं अन लेबलावर छापाले थप्पीचा लॉट नंबर देनं त्यायचं काम. मानोऱ्याच्या. जीभ अशी का मयंक बी त्यायच्यापुढं खुर्ची सरकवून सरळ बसते. पन काम एक एक सालाच्या करारावर, अन त्यायच्याच पगारावर मानोऱ्यातलं घर चालते. त्या म्हनत राह्यल्या, मी नंबर बरोबर देल्ला होता. पन त्यायचं म्हननं तोंडी अन माहं लेखी, तेबी कुलूपबंद! मयंक म्हने, दिवाळीच्या आधी बाहेरचे तपासनीवाले येतीन, डबा उघडतीन, त्या लॉटचे सगळे मेल वाचतीन, मंगच ताईचा करार पुढं चालवाचा का नाही ते ठरवू. म्हंजे माह्या एका ओळीवर त्या बाईचं घर टांगलेलं. अन मी काय करत होतो? मी दुपारचा डबा खाऊन राह्यलो होतो, त्यायच्याच पंगतीत बसून, त्यायच्याच डब्यातली मिरचीची भाजी! घशाखाली उतरे बी, हे त्याच्याहून वाईट.

तेवढ्यात पर्युषन सरलं अन क्षमावानीचा दिवस आला. आमच्याकडं कायदाच आहे, त्या सकाळी शेठ फाटकावर उभे राह्यतेत अन हमालापासून सगळ्यायले हात जोडतेत, सालभरात काही बोललो असन तं क्षमा करजा. आता शेठच जोडतेत म्हनून आमी सगळेच एकमेकायले जोडतो, जैन असो का नसो. मी तोंड लपवून लेबलाच्या खोलीत जाऊन बसलो. तं वच्छलाताई तिथं आल्या. हात जोडले. म्हने, "रविकांतभाऊ, मशीन बंद होती तवा मी तुमाले लय बोलली. मनात ठेवू नका."

मनात ठेवू नका! मनात नाही हो ताई, मी डब्यात ठेवलं, सात वर्षासाठी ठेवलं... हे तोंडावर आलतं. पन तोंडातून काय निघालं? "नाही नाही, तसं काही नाही." अन वरून मी बी हात जोडले! हे हात, राजेहो, हेच.

त्या गेल्या अन मी डबा उघडून बसलो. मेल निवडला, मिटव म्हनलं. परवानगी नाही. पुन्हा म्हनलं. परवानगी नाही. मंग म्हनलं मुदत कमी करू, सात वर्षाचे सात दिवस. नाही म्हनते. आता आपल्या हापिसातला आपला खरा इलाज कोनता, तुमाले मालूमच आहे, मांगची तारीख टाकनं! अर्ज उशिरा आला, मांगची तारीख टाक. ठराव राह्यला, मांगची तारीख टाक. सगळा जिल्हा मांगच्या तारखेवर चालते, मंग हा डबा कोन मोठा लागून गेला? म्हनलं इतकी जुनी तारीख टाकतो का मेल कवाचाच मरून गेला असं त्याले वाटन. मुदत संपन्याच्या रकान्यात मी वर्ष टाकलं नव्यान्नव. म्हंजे एकोनीसशे नव्यान्नव, मी तवा शाळेत होतो.

घेतलं! पहिल्यांदा त्या डब्यानं माहं ऐकलं. हिरवी खूण आली. मी खुर्चीवरच हात जोडले. मंग नीट पाह्यलं... दोन हजार नव्यान्नव.

तवाच डबा बसवून देनारा तो अकोल्याचा इंजिनिअर, ऋषिकेश, त्याले फोन लावला अन ते पुढं-मांगंचं ऐकलं. म्हनलं बाबू, काही तं जुगाड असन? तो म्हने, "नाही सर. मुदत वाढवता येते, कमी करता येत नाही, तेच तर याचं वैशिष्ट्य आहे. आता हा तुमच्या कंपनीतला सगळ्यात सुरक्षित मेल आहे." म्हनलं डबाच फोडला तं? तं म्हने दुसरी नक्कल दुसऱ्या गावाले आहे. अन मंग हळूच सांगतलं का कोनी, कवा, काय मिटवाले पाह्यलं, हे बी त्याच डब्यात लिहून ठेवल्या जाते. तेबी कुलूपबंद.

आता मी जे केलं ते पस्ताव्यानं केलं का भ्यावानं केलं, हे मले अजून बी सांगता येत नाही. दोन्ही होतं. भ्याव जरा जास्तच असन. पन केलं! मयंकले मेल लिहिला, शेठले अन वच्छलाताईले बी पाठोला, का लेबल मी चुकवले, ताईचा काही दोष नाही, मी खोटं लिहिलं होतं. 'असावा' कुठंच नाही. बटन दाबलं अन लेबलाच्या रोलावर डोकं ठेवून रडलो, खरंच सांगतो.

मयंक तं मले काढतच होता, शेठनं ठेवलं. ताईचा करार तवाच पक्का झाला. डबा माह्या हातून गेला अन त्याचा पासवर्ड देल्ला कोनाले, तं वच्छलाताईले. बरोबरच आहे. मले बी हलकं वाटलं. दोन दिवस मस्त झोपलो. तिसऱ्या दिवशी जेवताना घास हातातच राह्यला. खऱ्या मेलची मुदत सात वर्ष. खोट्याची मुदत दोन हजार नव्यान्नव! म्हंजे सात वर्षांनी खरं मिटून जानार अन मंग त्या डब्यात एकच गोष्ट उरनार, का चूक वच्छलाताईची.

धावत गेलो. म्हनलं ताई, पासवर्ड तुमच्याकडं आहे, माह्या कबुलीची मुदत बी नव्यान्नव करा. त्यायनं दाने मोजता मोजता वर बी नाही पाह्यलं. म्हने, "नाही करत. मानसानं कबूल केलेली चूक जन्मभर कायले ठेवाची? तुमची कबुली सात वर्षांनी मिटून जाऊ द्या. मी माफ केलं तुमाले." म्हनलं ताई, पन तुमच्यावरचा आळ? तं म्हने, "तो तुमी ठेवला ना. राहू द्या." अन पुन्हा दाने मोजाले लागल्या.

ही माफी होती का सजा, सांगा बरं तुमी? मले तं इचाराची बी हिंमत नाही झाली.

म्हनून मी आता जिथं चार मानसं भेटतीन तिथं सांगतो. बसस्टँडवर सांगतो, लग्नात सांगतो, आज या बारशात तुमाले सांगून राह्यलो, का बापहो, ध्यानात ठेवा, वच्छलाताईची चूक नव्हती, रविकांतची होती. डबा विसरला तरी मानसायनं विसरू नाही. पन इथं बी मुदतीचा लोचा आहेच ना... तुमी सगळे चाळिशी-पन्नाशीचे, दोन हजार नव्यान्नवपर्यंत टिकन असं एवढ्या मांडवात एकच जन दिसून राह्यलं, ते पाळन्यातलं. अन ते तं मी सुरू केलं तवाच झोपून गेलं.