थेट फायनल

२००५ सालचा उन्हाळा. कोल्हापूरच्या स्टँडवर संयोगिता बसची वाट बघत होती. शेजारी आजऱ्याचे काजूवाले गुरुसिद्ध, त्यांची मुलगी विद्याश्री आणि जर्मनीहून आलेला भाचा राजशेखर बसले होते; त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"युरोपात देशादेशांची गाण्याची स्पर्धा असती, मामा. भाग घ्यायला प्रत्येक देश पैसं भरतो. मोठा देश, मोठी रक्कम."

"आन् जास्त भरणाऱ्याला काय?"

"चार देश लई भरत्यात. ते थेट फायनलला."

"ऐक, विद्या! उद्याच्या आपल्या गाण्याच्या स्पर्धेचा मांडव माझा, स्पीकर माझा, म्हणून तू थेट फायनलला. आन् सकाळधरनं तोंड फुगवून बसलीयास."

"पोरी मला मांडववाली म्हणत्यात, अप्पा. मला पहिल्या फेरीत गायचंय."

"गोऱ्यांस्नी लाज न्हाय, तुला कशाला? राजू, यंदा त्या चौघांतलं कोण जिंकलं?"

"कुणीच न्हाय. चौघंबी सगळ्यात खाली आलं."

"आँ? परीक्षक कोण हुतं?"

"बाकीच्या देशांतली माणसं फोनवरनं मतं देत्यात."

"तिथंच चुकलं की त्यांचं! आपलं परीक्षक आज आपल्याच घरी जेवायला हायत."

"मग मी गाऊ तरी कशाला, अप्पा? जेवणं झाली की निकाल लावून टाका."