वॉटी मागे वळून का बघायचा

— आणि समितीला माझं दार आत्ताच बरं सापडलं! नाही, त्या खुर्चीत नको, तिचा पाय हलतो. इथे बस, खिडकीशी, तोंड दिसेल असा. तर जुन्या ट्रॅकवर दगडी पाटी लावताय, तिच्यावर ग्लासगोच्या मोटारसायकल-गड्यांची नावं कोरायचीत, आणि माझ्या नवऱ्याचं, वॉटी गिलफिलनचं, नाव घालावं की नाही ते ठरेना म्हणून तुला धाडलंय. बाकीच्यांच्या विधवांकडे गेलं का कोणी? नाही ना? वाटलंच मला. चहा घे. साखर जास्त घातलीय, तुझं तोंड बघून.

सरळ विचार ना, भित्रा होता का म्हणून. आमची सगळी गव्हन वस्ती म्हणायची. स्टँडमधून ओरडायचे, "वॉटी, मागं तुझी आई आली का रे?" — कारण तो वळणावळणाला मान फिरवून मागे बघायचा. भित्रा म्हणे! अरे बाळा, त्या गाडीला ब्रेक नसतो. नसतोच! डाव्या बुटाला लोखंडी तळ, तो ट्रॅकवर अंथरलेल्या राखेत घासत, गाडी आडवी टाकून वळायचं, चौघं अंगाला अंग लावून. रविवारी मी त्याच्या मानेतली राख सुईनं काढायची, कातडीखाली गेलेली. तो भित्रा? भित्रे तुमच्या समितीत बसतात.

मग बघायचा का? बघावं लागायचं म्हणून. बाकीच्यांना मागचं इंजिन कुठल्या अंगानं चढतंय ते कानानं कळतं. आणि वॉटी पोरवयापासून जहाजांच्या बॉयलरात वाढलेला — हा आत तापलेला रिव्हेटचा खिळा दाबून धरणार, बाहेरून घण पडणार. त्या कामात कान घेऊन म्हातारं कोण होतं? कोणी नाही. सगळे एकमेकांचे ओठ वाचतात, म्हणून आमच्या गल्लीत बहिरं कोण आणि धड कोण, पत्ताच लागायचा नाही. शर्यतीच्या डॉक्टरालाही नाही लागला! तो शहाणा समोर उभा राहून विचारायचा, आणि हा ओठ बघून पटापट उत्तरं — घरी येऊन आम्ही पोट धरधरून —

काय? लिहू नकोस ते. नाही, मी बहिरा म्हटलं नाही, गल्लीचं म्हटलं. बरं, म्हटलं! मेलाय तो आता, कोण गाडी काढून घेणार आहे?

आर्ची मकॅस्किलचं कशाला काढतोस मधेच? त्याचा जोडीदार तो, एकाच संघाचे दोघं. तेच अडलंय ना तुमचं — वॉटीनं मुद्दाम आडवं जाऊन आर्चीचा पाय घालवला? ऐक मग. त्या दिवशी पेपरात चित्र आलं होतं, घुबडाच्या धडावर वॉटीचं डोकं, मान पार मागे फिरलेली. त्यानं पेपर चुलीत घातला. म्हणाला, "नेटा, आज मेलो तरी वळून बघणार नाही." आणि नाही बघितलं. एकदाही नाही. शेवटच्या फेरीला आर्ची आतल्या अंगानं आला, ओरडत आला, सगळ्या स्टँडनं ऐकलं, आणि वॉटी आतच वळला. चौकशीत एवढंच म्हणाला, माझी चूक. लोक जळका म्हणाले, दगाबाज म्हणाले — म्हणू दे म्हणाला. "दगाबाजाला गाडी चालवू देतात गं नेटा, बहिऱ्याला नाही देत." पुढच्याच शर्यतीला मान पुन्हा वळायला लागली, पुन्हा भित्रा झाला.

वही का मिटलीस? आडनाव काय म्हणालास तू? — सांगितलंच नाहीस. आल्यापासून सांगितलं नाहीस, आणि मी बावळट बोलतेय.

बाप कुबडीवरच चालतो ना अजून?

नको, नको बोलूस. पाटीचं काय करायचं ते करा, नाव कोरा नाहीतर राहू द्या. त्याला फक्त सांग, ऐकू आलं नाही. एवढंच सांग. ऊठ आता. जा.