चोरओटीचा नारळ

शांताबाई : हळू ये बाई, हळू. अशा दिवसांत सून पायऱ्या धावत चढते का कुठं?

राधिका : आज नका थांबवू, आई. एमआरआयचा रिपोर्ट आला. नवा रायपूरच्या ऑफिसातून येताना बसमध्ये दहा वेळा वाचला.

शांताबाई : मले नको सांगू. सासूचे डोळे फुटले नाहीत अजून. निऱ्या वर सरकून राहिल्या, पोट दिसून राहिलं. शुक्रवारी तुझी ओटी काय उगाच भरली मी?

राधिका : ती देवीची नव्हती?

शांताबाई : चोरओटी होती ते. तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरतात. सतरा वर्षांनी देवानं ऐकलं. समोरच्या मीराच्या कानात तेवढं सांगितलं, बस.

राधिका : म्हणजे अख्ख्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात गेलं.

शांताबाई : हव, गेलं असंल. जाऊ दे.

राधिका : आई, बसा जरा. पोटात लेकरू नाही. गाठ आहे.

शांताबाई : गाठ? काय बोलून राहिली तू?

राधिका : घाबरू नका, खुशीचीच गोष्ट आहे. महिन्याभरापूर्वी सोनोग्राफीत अंडाशयाची गाठ निघाली होती. रक्ताचा रिपोर्टही खराब. डॉक्टरीणबाईले कॅन्सरची शंका आली. मी अन् तुमच्या लेकानं, शेखरनं, तुमच्यापासून लपवलं. ऑफिसात फाइल उघडली की अक्षरं दिसत नव्हती मले. अन् आज कळलं, ती अंडाशयाची नाहीच. गर्भाशयाची आहे, बाहेरून देठानं लोंबून राहिली, वेलाच्या भोपळ्यासारखी. फायब्रॉइड म्हणतात. साधी गाठ. अंडाशयाला टेकून होती, म्हणून सारे फसले.

शांताबाई : साऱ्यांत मीही आली.

राधिका : ते कॅन्सर समजले, तुम्ही नातू समजल्या. अन् निघाला भोपळा.

शांताबाई : काढतील ना?

राधिका : मंगळवारी. काढून तपासायला पाठवतील, तो नियमच आहे. पण डॉक्टरीणबाई हसून बोलल्या, 'डरने वाली बात नहीं, मिठाई खिलाओ.' आई, मी जगणार आहे.

शांताबाई : महिनाभर हे एकटी घेऊन फिरली तू. अन् मी तुले लोणचं चारून राहिली.

राधिका : लोणचं मस्त होतं पण.

(शांताबाई पदरानं डोळे पुसतात.)

राधिका : नातू तर नाही देऊ शकली मी तुम्हाले. तो ओटीचा नारळ परत देवाजवळ ठेवते. माझा नाही तो.

शांताबाई : काहून ठेवते? आण इकडे. फोड. बर्फी करू, मीराकडंही ताटली धाडू.

राधिका : अन् तिनं विचारलं, कशाची बर्फी, तर?

शांताबाई : सांगीन. ओटी सुनेची भरली होती. सून परत भेटली.