थेटरवाल्या इनास काकांनी मागे घेतलेली भिंत

मंडळी, जरा पुढे सरका. मागे उन्हात कशाला उभे राहता, छपराखाली या. वटार गावच्या भाजीवाल्या बायकांनी आज टोपल्या बाजूला घेऊन आपल्याला ही जागा दिली आहे. त्यांचे आभार आधी मानते, नंतर राहून जायचं.

मी सुनंदा राऊत. बटणं, लेस, दोऱ्याच्या दुकानातली. माझं तोंड दिवसभर चालू असतं, हे तुम्हाला सांगायला नको. पण आज जमत नाहीये. शेजारचं शटर बंद आहे, आणि इनास काका जेवायला घरी गेलेत असं मी सकाळपासून मनाला सांगतेय. काकांच्या मिसेस, आपल्या रोझीमावशी, समोर बसल्या आहेत. त्यांच्याकडे बघितलं की शब्द सुचत नाहीत. म्हणून मी आज तुमच्याकडे बघून बोलणार आहे. मावशी, राग मानू नका.

काका गेल्याला आठवडाही झाला नाही आणि आपल्या बाजारात कुजबुज सुरू झाली आहे. मी ऐकलीय. आता काका नाहीत, तर गाळे पुढे रस्त्यापर्यंत घेऊया. ही मोकळी जागा फुकट जाते. जाळी लावूया, काच लावूया. बोलणारे कोण ते मी सांगणार नाही. तुम्ही इथेच बसला आहात. ही जागा कुठून आली, एवढंच मी सांगणार आहे.

नवीन मंडळींना ठाऊक नसेल. या बिल्डिंगच्या जागी आधी जुनी इमारत होती. सगळा बाजार तिला थेटर म्हणायचा. त्यात सिनेमा एकही लागला नाही. खाली दुकानं, वर दोन बिऱ्हाडं, एवढंच. पण काकांचे वडील, जुजेबाबा, मुंबईत सेंट्रिंगचं, म्हणजे सिमेंट ओतायच्या लाकडी साच्यांचं काम करायचे. तिकडे नवी नवी सिनेमागृहं उभी राहत होती, त्यांच्या गोलाया आणि मनोरे या माणसाने लाकडात बांधलेले. वसईला स्वतःची इमारत बांधायची वेळ आली तेव्हा त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. त्यांनी कोपरा गोल केला. दगडी चुरीचा गिलावा केला. बाल्कनीला उगवत्या सूर्याची जाळी लावली. आणि मधोमध मनोरा चढवला, सिनेमाचं नाव लिहायला असतो तसाच. त्यावर लिहायला नाव काही नव्हतं. शेवटी सिमेंटमध्ये बायकोचं नाव काढलं.

मग काय व्हायचं? पाचूबंदरची कोळी माणसं काकांच्या दुकानात दोर आणि जाळ्याचा दोरा घ्यायला यायची. काकांनी मला सांगितलेलं आहे, एक जण बायकोपोरांना नटवून घेऊन आला आणि विचारतो, "तिकीट कोनाकडं?" काकांनी काय करावं? सगळ्यांना बाकावर बसवलं, सोडा पाजला आणि म्हणाले, "आज खेळ नाही. पण आलात तर बसा." तो माणूस पुढे जन्मभर त्यांचं गिऱ्हाईक राहिला.

मध्ये कॉलेजची मुलं फोटो काढायला आली होती. त्यांनी सांगितलं, या पद्धतीला आर्ट डेको म्हणतात. काका म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आम्ही आपले थेटर म्हणत होतो." मग मुलांना आत नेऊन मोझॅकची फरशी दाखवली, जिना दाखवला, जिन्याचा गोल कठडा हाताने पुसून दाखवला. केवढा अभिमान होता त्या माणसाला. आणि का नसावा? अख्ख्या वसईत तसा कोपरा दुसरा नव्हता.

आता खरं सांगते. मला ती इमारत पाडूनच हवी होती. पावसाळाभर माझ्या लेसच्या गठ्ठ्यांवर पाणी गळायचं. खाऱ्या हवेने आतलं लोखंड गंजून फुगलं होतं. आजूबाजूच्या जुन्या इमारती एकेक करून गेल्या, तिथे निळ्या काचा आल्या, नळाला पाणी आलं. आम्ही इथे बादल्या लावून बसायचो. मी काकांना तोंडावर म्हटलं, तुमचं थेटर तुम्हाला लखलाभ, आम्हाला कोरडं दुकान द्या. आजही माझं तेच म्हणणं आहे. त्यासाठी मी कुणाची माफी मागणार नाही.

काका ऐकायचे नाहीत. बिल्डर आला की चहा पाजायचे आणि परत पाठवायचे. त्यांचा मुलगा विल्सन गल्फवरून फोन करायचा, पाडून टाका म्हणायचा, त्याच्याशीही वाद. विल्सन, तू मान खाली घालू नकोस. तुझंही खोटं नव्हतं.

मग एका सकाळी छज्ज्याचा तुकडा पडला. खाली वटारची केळीवाली बसली होती. तुकडा तिच्या टोपलीत पडला, तिला लागलं नाही. ती आपली केळ्यांचं नुकसान झालं म्हणून बडबडत होती. काका मात्र पांढरे पडले. सगळी केळी त्यांनी स्वतः विकत घेतली, दुकानात गेले आणि बिल्डरला फोन लावला. मी शेजारी होते. एकच वाक्य बोलले, "पाडायला माणसं कधी पाठवता?"

याला मी अभिमान म्हणते. बापाने बांधलेलं जपणं सोपं असतं, मंडळी. ते कुणाच्या डोक्यात पडायच्या आधी स्वतःच्या तोंडाने पाडा म्हणायचं, ते कठीण.

पाडायच्या दिवशी भर मे महिन्यात काका काळा सूट घालून आले. सणाला चर्चमध्ये घालायचे, तो. दाढी गुळगुळीत, बूट पॉलिश केलेले. समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून मनोरा खाली येईपर्यंत बसून राहिले. मावशींनी डबा आणला तर म्हणाले, आज उपास आहे.

बिल्डर माणूस वाईट नव्हता. त्याला दया आली. म्हणाला, काका, नव्या बिल्डिंगला पुढून तस्साच मनोरा लावून देतो, फायबरचा. लांबून खोटा आहे ते ओळखू यायचं नाही. काका म्हणाले, "नको रे बाबा. मेलेल्या माणसाला पावडर लावून दारात बसवत नाहीत." विषय संपला.

पुढे नकाशा आला. आम्ही सगळे गाळेवाले पत्र्याच्या शेडमध्ये जमलो होतो. नकाशा छान होता. काचा, लिफ्ट, गाळे थेट रस्त्याला भिडलेले. मी खूश. काका इंजिनिअरला म्हणाले, "यात माणूस थांबणार कुठे?"

इंजिनिअर म्हणाला, "काका, दुकानात एसी आहे. आत थांबेल."

"आत येतो तो घ्यायला येतो. ज्याला काही घ्यायचं नाही, तो कुठे थांबेल?"

असा प्रश्न आमच्या डोक्यातच आला नव्हता. काका म्हणाले, "माझ्या बापाने मुंबईत एकच शिकलं. खेळ सुरू व्हायच्या आधी माणसं बाहेर उभी असतात, त्यांच्या डोक्यावर छप्पर पाहिजे. मनोरा गेला तर जाऊ दे. माझ्या गाळ्याची भिंत मागे घ्या. एक माणूस पाय पसरून बसेल आणि दुसरा त्याला न ओलांडता जाईल, एवढी मागे."

स्वतःचा गाळा. स्वतःची जागा. तीही कोपऱ्याची. मी रागावले. म्हटलं, काका, तुमचा एकट्याचा गाळा मागे गेला तर रांगेत दात पडल्यासारखं दिसेल. आणि आम्ही पण मागे यायचं का? माझं दुकान आधीच काडेपेटीएवढं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तुला कुणी सांगितलं, सुनंदा? मी माझं सांगितलं."

झालं. इथेच मारलं त्यांनी मला. आग्रह केला असता तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण हा माणूस कुणाला काही सांगेचना. मी दोन-चार दिवस धुसफुसले, नवऱ्यावर चिडले, आमटी खारट केली. मग गेले इंजिनिअरकडे आणि म्हटलं, माझीही भिंत मागे घ्या, आणि कारण विचारू नका. तिथे कळलं की चष्म्याचे दुकानवाले आदल्या दिवशीच सांगून गेले होते. मग सगळेच गेले. कुणी कुणाला सांगितलं नाही. मीटिंग नाही, ठराव नाही. वरचा छज्जा पुढे आला, खालची दुकानं मागे गेली, आणि ही जागा झाली.

आता वसईत हिंडून या. जुने गोल कोपरे गेले, जाळ्या भंगारात गेल्या. नव्या बिल्डिंगा एकसारख्या. आपलीही तशीच, तीच निळी काच. फोटो काढायला आता कुणी येत नाही. पण पावसात शाळेतली पोरं कुठे पळत येतात? बसची वाट बघणारी पोटुशी बाई कुठे टेकते? कुणी तिला काय पाहिजे म्हणून विचारत नाही. हे थेटर आहे, मंडळी. तेच आहे. मला त्याचा अभिमान आहे, आणि माझी भिंत त्यात आहे याचा जास्त अभिमान आहे.

विल्सन, कोपऱ्याचा गाळा आता तुझा. मोबाईलवाली कंपनी भाड्याने मागतेय आणि त्यांना पुढची जागा हवी आहे, हेही माझ्या कानावर आलंय. मी तुला काही सांगणार नाही. तुझ्या बापाने मला सांगितलं नव्हतं. मी फक्त माझं सांगते. माझी भिंत आहे तिथेच राहील.

आता श्रद्धांजली. उभं राहून शांत राहायची पद्धत आहे. पण इनास काकांसाठी नुसत्या पद्धतीने उभे राहू नका. ज्याने आपली भिंत मागेच ठेवायची ठरवली असेल, त्या गाळेवाल्याने उभं राहावं. ज्याचं अजून ठरलेलं नाही, त्याने बसून हात जोडावेत. त्याला कुणी नावं ठेवणार नाही. ज्यांचा गाळाच नाही, त्यांनी जसं वाटेल तसं करावं.

मावशी, तुम्ही बसा. तुमचे गुडघे... बरं, बरं. विल्सन, आईला हात दे.

उठलास. आईसाठी उठलास की कशासाठी, ते तुझं तुला माहीत. मी विचारणार नाही.

आता कुणी बोलू नका.