माझं रक्त गाळलं तेव्हा

नाही, तुम्हीच सांगा, चहा गाळतात, ताक गाळतात, पण चालत्याबोलत्या माणसाचं रक्त? तुम्हाला सांगतो, माझं गाळलं, इथे दिल्लीत, मी जागा असताना! झालं असं, पुण्याहून नोएडाच्या ऑफिसात आलो, दिल्लीतल्या द्वारकेत राहायला लागलो आणि पायावर लाल ठिपके उठले... ठिपक्यांचे चट्टे, चट्ट्यांच्या जखमा, घोट्यापाशी मांस दिसायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्याच पांढऱ्या पेशी चवताळून तुमच्याच रक्तवाहिन्यांवर उठल्यात. म्हणजे घरचेच की हो! स्टेरॉइड घेऊन तोंड सुजलं, जखमा ढिम्म. शेवटी म्हणाल्या, "अब खून छानना पड़ेगा, वरना पैर..." आणि थांबल्या. पैर काय, विचारलं, तर म्हणे, "कुछ नहीं."

तुम्हाला सांगतो, दिल्लीत कुणी 'कुछ नहीं' म्हणालं की समजायचं, काहीतरी आहे.

खुर्चीत बसवलं, दोन्ही हातांत सुया. एका हातातून रक्त निघणार, नळकांड्यात त्या चवताळलेल्या पेशी अडकणार, उरलेलं दुसऱ्या हातात परत. काचेपलीकडे बायको, नीला, हसत उभी, पण ओठ पांढरेफटक. शेजारच्या खुर्चीत खंडेराव, फौजेतून रिटायर झालेले सुभेदार, कँटोन्मेंटात मुलाकडे राहणारे, त्यांनाही हाच आजार. हळूच म्हणाले, "साहेब, नळीकडं बघू नका. मी बघत नाही." आता असं सांगितल्यावर माणूस कुठे बघणार? बघितलं, आणि मशीन कोकललं, नळीतलं लाल जागच्या जागी थांबलं... सिस्टर ममतानं टिचकी मारली, "कुछ नहीं जी, कभी कभी अटक जाता है." अहो, माझं रक्त अटकलंय बाई! पण सुटलं. वाहायला लागलं.

पुढच्या खेपेला शेजारची खुर्ची रिकामी. ममताला विचारलं, अंकल आले नाहीत? ती चादर झटकत म्हणाली, "कुछ नहीं जी... वो अब नहीं आएँगे." मी पुढे विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतंत? त्या दिवशी मात्र मी नळीकडे बघितलं नाही.

आणि तुम्हाला सांगतो, जखमा भरल्या! खरंच भरल्या, बूट घालून ऑफिसला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार गेला नाही हं, झोपलाय. कधी उठेल, विचारलं, तर पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

काल सकाळी मोजे घालताना दुसऱ्या पायावर एक ठिपका दिसला, लाल, बारीकसा. नीलाला दाखवला. तिनं बराच वेळ बघितला, मग म्हणाली, "डास चावला असेल."

दिल्लीत, जानेवारीत, डास! दात वाजतायत इथे थंडीनं...

मी म्हटलं, "हो, डासच." आणि दोघांनी मिळून डास शोधला.