दुप्पट वजनाला दुप्पट कापड लागत नाही

हॅलो? … हो, मीच. दुसरं कोण उचलणार? … शाळेतून फोन आला? तुला? कामावर? … वा! मोठी तत्परता! … अगं ऐक ना, आधी माझं ऐक. शिवणाच्या मशीनवर हात ठेवून सांगते, मी सांगेन त्यातला शब्द न् शब्द खरा!

काय म्हणाले? "तुमच्या आईंनी मैदानात धिंगाणा घातला"? … घातला! परत घालीन!

तुझ्या लेकीचा डबा दोन दिवस भरलेला परत येतोय, पत्ता आहे तुला? … नाहीच ना. तू सकाळी सातला घराबाहेर. कालचा मला कापडाच्या गाठोड्याखाली सापडला. दडवला होता पिटुकलीने. … नाही गं, रागावले नाही. नुसतं विचारलं, तर हमसून हमसून रडली.

ती चाचणी गं, धावायची. … नाही, परीक्षा नाही. दोन रेघा मारतात. यंत्र टुंग करतं, की पळत पलीकडे. टुंग, परत अलीकडे. टुंग मग जास्त जास्त भराभर वाजायला लागतं. गेल्या वर्षी एक्केचाळीस फेऱ्या मारल्या होत्या हिने. यंदा तेहेतीस. … हो, हो, कमी. मला वजाबाकी येते! तर खेळाचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, किलोमागे दम घटलाय तुझा, वजन वाढवून ठेवलंयस, डबा कमी कर. आणि रिलेतून नाव काढलं.

वाढवून ठेवलंय म्हणे! जसं काही पोरीने दुकानातून पिशवी भरून आणलं!

बारा वर्षांचं पोर! ते नाही वाढणार, तर काय मी वाढू?

मग काय करणार होते? टेप घेतली, मापाची वही घेतली, गेले. … तीच, शाळेचे खेळाचे कपडे शिवायला लागले तेव्हापासूनची. तुझंही पान आहे त्यात. … थांब, त्यावर येते.

सरांपुढे वही उघडली. म्हटलं, बघा. वर्षात उंची नऊ सेंटीमीटर. त्यातले सहा नुसत्या पायात! शिवताना आत माया सोडते ना मी, जास्तीचं कापड? तीनदा उसवली. आता दुमडायला बोटभर उरलं नाही. आणि छाती पाच सेंटीमीटर भरली. म्हणजे भाता मोठा झालाय की नाही? दम घटला कुठे? पण एवढा नवा देह ओढायचा, तोही परवा लांबलेल्या पायांनी! घरात चौकटीला आपटते ती, रेघेवर झटकन वळणार कशी?

… तेच! तेच म्हणाले ते. "आजी, हे शास्त्र आहे. दमाला किलोने भागायचं." म्हटलं, मग माझंही शास्त्र बघा. हात वर करा.

मापलं की! सरांना! … कंबर पण. पोरं मोठ्याने आकडा म्हणत होती.

हसू नकोस, ऐक. म्हटलं, सर, तुम्ही हिच्या दुप्पट वजनाचे. तुम्हाला कापड दुप्पट लागेल का? म्हणाले, लागणारच. तिथेच सापडले! दीडपटीच्या थोडं वर पुरतं गं. चाळीस वर्षं कापलंय मी. सगळं काही वजनाच्या जोडीने वाढत नाही. दमही नाही वाढत. किलोने भागलं की बुटकं पोर शूर ठरतं आणि लांबलेलं पोर आळशी. काय गुन्हा केला त्याने?

… वही पुन्हा चाळली त्यांनी. मग मान डोलावली. माणूस वाईट नाही, घाईचा आहे. नाव परत लिहिलं. पेन्सिलीने! म्हटलं, पेनाने लिहा. … लिहिलं. सहा महिन्यांनी पुन्हा धावायचं, तोवर रिलेत.

… जेवली का? तेच तर. नाव लागलं, तरी घरी येऊन ताट पुढे सरकवलं. "आजी, मी जड झालेय." जीव तुटला माझा.

मग तुझं पान काढलं. बाराव्या वर्षी तुझीही माया तीनदा उसवली होती. म्हटलं, तुझी आईही तेव्हा अशीच मागे पडायची. … अगं, खरंच आहे ना? … हो. तूही डबा परत आणायचीस. आणि मी मशीनवर मान खाली घालून बसले होते. विचारलंसुद्धा नाही. आज ओरडले ना, त्यात ते तेव्हाचंही होतं. … नको, तू नको रडूस. कामावर आहेस.

आता? आता जेवतेय. दुसऱ्यांदा वाढून घेतलं! … कशी म्हणजे? सांगितलं ना, तुझी गोष्ट सांगितली.

… बरं. मशीनवर हात ठेवलाय म्हणून सांगते. तिला सांगितलं ते सगळं खरं, एक सोडून. तू धावणं सोडलंस ते नाही सांगितलं. म्हटलं, पुढच्या वर्षी तुझी आई पहिली आली. … अगं, पुरावा मागितला तिने! मग कपाटावरचा बक्षिसासारखा कप दाखवला. … तोच, बटणं ठेवते तो. … जुन्या बाजारातला, मला ठाऊक आहे! बटणं काढली, पुसून दिला. ताटाशेजारी ठेवून जेवतेय.

तेव्हा संध्याकाळी विचारलं, तर तू पहिली आली होतीस. कळलं? … हो, किती फेऱ्या मारून ते तू ठरव. … ठेव, ठेव, पोरगी इकडेच येतेय, हातात कप आहे!